नंबर एकचा सांधा

आधीच सांगून टाकते, माझं डोकं लवकर तापतं. कारखान्यात सगळ्यांना ते ठाऊक आहे, घरी तर विचारूच नका. तरीही गेल्या वर्षी आमच्या अडतीस जणांनी हात वर करून मलाच अध्यक्ष केलं. "चिडकी आहे, पण चिडून झालं की ऐकते," असं माझ्या बाजूनं बोलणाऱ्यानं सांगितलं. ह्याहून मोठं प्रमाणपत्र मला आजवर कुणी दिलेलं नाही.

आम्ही चाकांच्या खुर्च्या बनवतो. ज्यांचे पाय चालत नाहीत, ज्यांना ऑपरेशननंतर महिना-महिना उभं राहता येत नाही, त्यांच्यासाठी. पाइप कापायचा, वाकवायचा, जोडायचा, घासायचा, रंगवायचा, चाकं बसवायची, कापड ताणायचं. कारखान्याला मालक नाही. म्हणजे आम्हीच मालक. सात वर्षांपूर्वी जो मालक होता तो एका सकाळी गाशा गुंडाळून निघून गेला आणि आम्ही गेटवर बसून राहिलो. दीड वर्ष कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या, तेव्हा कुठे शेड आणि यंत्रं आमच्या संस्थेच्या नावावर झाली. गेटवरची पाटी आमच्या रंगाऱ्यानं रंगवली. 'कामगार सहकारी संस्था' एवढंच लिहायचं होतं. पण पहिली अक्षरं त्यानं इतक्या जोशात काढली की 'संस्थे'ला जागाच उरली नाही, ती बिचारी कोपऱ्यात अंग चोरून बसली आहे. पाटी बदलायचा ठराव तीनदा आला आणि तीनदा पडला. आमची आहे, राहू दे.

कारखाना हातात आला त्या पहिल्याच दिवशी आम्ही एक काम केलं. शेडच्या मधोमध मुकादमाची काचेची केबिन होती. तिथे बसून तो प्रत्येकाच्या हाताकडे बघायचा आणि जरा कुठे काही दिसलं की वर वर्दी द्यायचा. आम्ही त्या केबिनचं दार बिजागऱ्यांसकट उखडलं, आत आमच्या सायकली लावल्या आणि ठराव केला, की इथून पुढे कुणी कुणाच्या कामावर मुकादम नाही. ज्यानं सांगाडा जोडला त्यानं सीटखालच्या पाइपवर आपला नंबर ठोकायचा, बस. माझा नंबर चौदा. एक नंबर मामांचा.

मामा म्हणजे माझ्या आईचे सख्खे भाऊ. पण कारखान्यात ते सगळ्यांचेच मामा. मला वेल्डिंग त्यांनीच शिकवलं. मी तेव्हा विशीत होते. मी सांधा जोडायचे, तो गार झाला की मामा डोळे मिटून त्यावरून अंगठा फिरवायचे आणि एकच शब्द बोलायचे, "परत." का, कुठे चुकलं, काही नाही. परत. मी रडले, तोंडापुढे धरायची शिल्ड आपटली, एकदा तर तडक घरी निघून गेले. दुसऱ्या दिवशी तोच सांगाडा माझ्या टेबलावर. "परत." ज्या दिवशी अंगठा फिरवून ते काहीही न बोलता पुढच्या टेबलाकडे गेले, त्या दिवशी मी घरी जाऊन आईच्या गळ्यात पडले.

आमच्या खुर्च्या जवळजवळ सगळ्या सरकारी दवाखान्यांत जातात. यंदा आरोग्य खात्यानं ठरवलं, की असे कारखाने सरकारनं आपल्याच मालकीचे करावेत. जबरदस्ती नव्हती. तुमचं तुम्ही मतदान करा आणि कळवा, म्हणाले. सांगायला एक अधिकारी बाई आल्या. पन्नाशीच्या, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला, आवाज शांत. मी भांडायच्या तयारीनंच गेले होते, पण बाईंनी भांडायला जागाच ठेवली नाही.

"कारखाना तुम्ही छान चालवलाय," त्या म्हणाल्या, "पण तो तुम्हा अडतीस जणांचा आहे. ज्याला ही खुर्ची लागते त्याचा ह्यात काय वाटा? सरकारचा कारखाना म्हणजे त्याचाही कारखाना. शिवाय तुम्हाला कायमची नोकरी, पेन्शन, आजारपणाची रजा. उद्या काम कमी आलं तर कुणाच्या पोटावर पाय यायला नको."

"आणि वयाचं काय?" मी विचारलं.

"साठीला निवृत्ती. डोळे-कान दर वर्षी तपासायचे. नियमच आहे तो."

मामा त्रेसष्टचे होते.

जाताना बाईंनी सांगितलं, की मतदानाच्या आठवड्यात त्या येऊन दोन खुर्च्यांवर वजन ठेवून बघतील. खातं काय घेतंय ते खात्याला कळायला हवं. आणि आम्ही नाही म्हणालो, तरी पुढची ऑर्डर द्यायची की नाही ते त्यावरच ठरेल.

रविवारी मामा आमच्याकडे जेवायला असतात. माझ्या बाबांनी चौतीस वर्षं सरकारी पंपाच्या कारखान्यात काढली आहेत. तेव्हा त्या रविवारी काय झालं असेल ते सांगायला नकोच.

"अहो मेहुणे, डोळे झाकून हो म्हणा," बाबा म्हणाले. "आमच्याकडे तपासनिसाच्या सहीशिवाय साधा नट बाहेर जायचा नाही."

"आणि बल्ब गेला तर, दाजी?" मामा म्हणाले. "एक बल्ब बदलायला अकरा सह्या लागायच्या, हे तुम्हीच सांगितलंय. बल्ब येईपर्यंत तुम्ही अंधारात नट मोजत बसायचात."

"अंधारात बसलो, पण महिन्याच्या महिन्याला घरी येणारं चुकलं नाही कधी. आणि माझा हात भाजला तेव्हा सहा महिने मला दारावर बसवलं, पूर्ण पगारावर. कुणाच्या मेहरबानीनं नाही, नियमानं."

"आमच्याकडेही बसवू की."

"कोण बसवणार? कागद दाखवा. तुमच्याकडे सगळा मायेचा कारभार. माया आज आहे, उद्या नसली तर?"

"दोघांनी आता तोंडं जेवणासाठी वापरा," आई म्हणाली, "नाहीतर दोघांनाही बाहेर बसवते. पूर्ण पगारावर."

मामा हसले आणि त्यांनी पाण्याचा तांब्या उचलून पेल्यात पाणी ओतलं. पाणी पेल्याच्या शेजारी पडलं. आईनं पटकन फडकं टाकलं. बाबांना कळलं नाही. मला मात्र ते चार महिन्यांपासून ठाऊक होतं.

चार महिन्यांपूर्वी मी मामांच्या टेबलाजवळून जाताना त्यांचा एक सांधा बघितला होता. पाठीचा पाइप सीटच्या सांगाड्याला मिळतो तिथला, सगळा भार घेणारा. वेल्डिंगची रेघ सांध्यावरून जायला हवी, ती सांध्याच्या शेजारून गेली होती. तीस-चाळीस वर्षं ज्या माणसानं केसाएवढी चूक केली नाही, त्याची रेघ दोन सूत सरकली होती. बोलायला हवं होतं, पण काय बोलणार? कुणी कुणाचा मुकादम नाही, हा ठराव मीच मांडला होता. आणि ज्यांनी मला हातात शिल्ड धरायला शिकवलं, त्यांना मी सांगणार की तुम्हाला दिसत नाही? त्यापेक्षा मी मूग गिळून बसले. मामा जेवणाच्या सुट्टीत अंगणात पाठ टेकायला गेले, की मी त्यांचे सांगाडे उचलायचे, त्या सांध्यावर आणखी एक रेघ मारायचे आणि होते तसे ठेवून द्यायचे. चोरीच होती ती. पण खोटं कशाला बोलू, मला त्याचा अभिमान वाटायचा. मामांची लाज मी एकटीनं राखतेय, असं वाटायचं.

सोमवारी बाई आल्या. बरोबर दोन माणसं आणि लोखंडी वजनं. अंगणात एक फळी आडवी ठेवली, खुर्चीत वजनं रचली आणि खुर्ची फळीवरून पुढेमागे ढकलायला सुरुवात केली. पहिली खुर्ची बावीस नंबरची. दोनशे वेळा गेली, हूं की चूं नाही. आमचा सगळा कारखाना दारात उभा राहून मोजत होता. दुसरी खुर्ची त्यांनी ढिगातून त्यांच्या मनानं काढली. साठ झाले, सत्तर झाले. एकोणऐंशीला कट्कन आवाज आला, पाठ मागे पडली आणि वजनं गडगडत आमच्या पायांशी आली.

त्या खुर्चीत माणूस नव्हता, हे आमचं नशीब. बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला, खुर्ची उलटी केली आणि नंबर वाचला.

"एक नंबर कोण?"

"मी," मामा म्हणाले.

बाईंनी लिहून घेतलं. ओरडल्या नाहीत, तेच जास्त लागलं. "शनिवारी तुमचं मतदान आहे. हे का झालं ते मला लेखी कळवा. मतदान काहीही होवो, त्यानंतर दहा दिवसांनी मी पुन्हा येईन," एवढंच म्हणून त्या गेल्या. मामांनी आपलं यंत्र बंद केलं, शिल्ड खुंटीला लावली आणि सुट्टी व्हायच्या दोन तास आधी घरी गेले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

मोडलेली खुर्ची मी माझ्या टेबलावर घेतली. शेजारच्या टेबलावर आमचा वकील असतो. वकील म्हणजे तोही वेल्डरच, पण प्रत्येक बैठकीत अर्धा तास बोलल्याशिवाय त्याचं पोट भरत नाही म्हणून वकील. तो जवळ आला, इकडेतिकडे बघितलं आणि हळूच म्हणाला, "अध्यक्षबाई, पाइप खराब होता असं लिहू या. पाइपवाला कुठे शंभर कोसांवर बसलाय. त्याला कोण विचारायला जातंय?"

खरं सांगते, मोह झाला मला. एका ओळीत सगळं मिटलं असतं. मामा सुटले असते, मी सुटले असते, मतदानही आमच्या बाजूनं झालं असतं. मी करवत घेतली आणि तो सांधा उभा कापला. मला बघायचं होतं, की माझी रेघ वर असताना तो मोडलाच कसा.

रंगाखाली पुट्टी निघाली, बोटभर जाड. सांध्याला पुट्टी लावायचं काही कारणच नसतं. पुट्टीखाली वेल्डिंग होतं, आणि ते एकावर एक, एकावर एक. सगळ्यात आत मामांची सरकलेली रेघ. तिच्यावर माझी. माझ्यावर आणखी एक, आणि तिच्यावरही आणखी एक. पातळ पाइप तो, त्याला असा चार-चार वेळा तापवला तर त्याचं काय होणार? आतून करपून त्याची भिंत कागदाएवढी राहिली होती, आणि वरून कुणीतरी तो घासून आणखी बारीक केला होता. मामांची एकटी वाकडी रेघ कदाचित टिकलीही असती. आम्ही केलेल्या दुरुस्तीनं खुर्ची मोडली होती.

वेल्डरचा हात अक्षरासारखा ओळखता येतो. माझ्या रेघेवरची ती घाईघाईची, तिरकी रेघ मला चांगली ठाऊक होती. मी मान वर करून वकिलाकडे बघितलं. वकील छताकडे बघत होता.

"तू?" मी म्हणाले.

"सकाळी लवकर येऊन," तो म्हणाला. मग त्यानं खाली वाकून सांधा बघितला. "आणि ही खालची तू?"

"जेवणाच्या सुट्टीत."

वकील माझ्या शेजारी बसला आणि पाइपवाल्याचा विषय त्यानं पुन्हा काढला नाही.

शनिवारी दुपारी शेडमध्ये बैठक भरली. कुणी पाइपांच्या ढिगावर, कुणी टेबलांवर. मामा नेहमीच्या जागी, आपल्या यंत्राजवळ. माझे बाबा कुणी बोलावलेलं नसताना आले आणि सायकलींच्या केबिनपाशी स्टूल घेऊन बसले. "मी फक्त ऐकणार," म्हणाले. मला तेव्हाच कळलं, की हे खोटं आहे.

मी कापलेला सांधा सगळ्यांना दिसेल असा वर धरला. "मतदानाच्या आधी एक सांगायचंय," मी म्हणाले. "ह्यातली एक रेघ माझी आहे. चार महिने मी मामांचे सांधे चोरून दुरुस्त करतेय."

मामांकडे बघायची माझी छाती झाली नाही.

"एक माझी," वकील उठून म्हणाला आणि लगेच खाली बसला.

मग मागून आमची धाकटी उठली. ती वेल्डरांत सगळ्यात नवी, दोन वर्षांचीच. "सगळ्यात वरची माझी," ती म्हणाली आणि रडायलाच लागली. "मला वाटलं, मला एकटीलाच दिसलंय."

घासकाम करणारा उठला. "मी ते उंचवटे सपाट करत होतो. म्हटलं, कुणाला दिसायला नकोत."

शेवटी रंगारी. "आणि पुट्टी कुणी भरली ते सांगायला नकोच," तो म्हणाला.

पाच जण, चार महिने, रोज चोऱ्या करत होते आणि एकानंही दुसऱ्याला ताकास तूर लागू दिली नव्हती. कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि मग सगळी शेड हसायला लागली. मीही. हसू थांबलं, तेव्हा मामा उभे होते. ते हसत नव्हते.

"अंगठ्याला सगळं कळतं," ते म्हणाले. "माझ्या सांध्यावर दुसऱ्याचा हात लागतोय, हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं. मला वाटलं, एकटी भाचीच करतेय. म्हटलं, घरातली गोष्ट घरात राहील. मी गप्प बसलो. तेव्हा चूक माझी पहिली." त्यांनी श्वास घेतला. "पण तुम्ही? मालकाच्या माणसाला गेटबाहेर काढलंत, कोर्टात उभे राहिलात, आणि मला तोंडावर 'परत' म्हणायला अडतीस जणांत एकाचीही छाती झाली नाही? त्या खुर्चीत वजनाऐवजी कुणाची आई बसली असती तर?"

मामांनी तो कापलेला सांधा माझ्या हातातून घेतला आणि टेबलावर ठेवला.

"सरकारकडे गेलो, तर ते माझे डोळे तपासतील आणि मला घरी पाठवतील. बरोबरच करतील. पण हे काम आपलं होतं. ते आपल्याला जमत नसेल, तर कारखाना देऊन टाका त्यांना, मी पहिला हात वर करतो. जमत असेल तर आत्ता दाखवा. अध्यक्षबाई, ठराव मांडा. एक नंबरनं इथून पुढे वेल्डिंगला हात लावायचा नाही."

"मामा..." मी म्हणाले.

"मामा घरी. इथे ठराव मांडा."

मी मांडला. कसा मांडला ते मला आठवत नाही. मग मीच पहिला हात वर केला, कारण दुसऱ्या कुणी तो केला नसता. वकिलानं केला. धाकटीनं डोळे पुसत केला. एकेक करून सदतीस हात वर झाले आणि अडतिसावा मामांचा. आयुष्यात माझा हात मला इतका जड कधी लागला नव्हता. आणि हेही सांगते, की त्या वर गेलेल्या हातांकडे बघून मला आमचा जेवढा अभिमान वाटला, तेवढा कोर्टाचा निकाल लागला तेव्हाही वाटला नव्हता.

दुसरा ठराव वकिलानं मांडला आणि तो एका मिनिटात संपवला, ह्याची नोंद इतिहासात व्हावी. गेल्या चार महिन्यांतल्या एक नंबरच्या बासष्ट खुर्च्या बाहेर गेल्या होत्या. त्या सगळ्या परत आणायच्या, बदली खुर्ची दिल्याशिवाय एकही उचलायची नाही, आणि बाईंना कारण खरं तेच लिहायचं. त्यालाही सगळे हात वर.

मग मूळ मतदान. आधी रंगारी बोलला. "मी सरकारच्या बाजूनं आहे," तो सरळ म्हणाला. "बायको आजारी असते. मला मोठ्या छपराखाली जायचंय. आणि त्या बाई म्हणतात ते खोटं नाही. दवाखाना सगळ्यांचा, तर खुर्चीचा कारखाना अडतिसांचाच का?"

मला चिडायचं होतं, पण त्याच्या बायकोला मी ओळखते. "तुझं म्हणणं मला कळतं," मी म्हणाले. "पण सगळ्यांचं जे असतं, ते बिघडल्यावर जाब विचारायचा कुणाला? आज आपण तो आपल्याला विचारला. आपल्या हातांनी सांधा कापून बघितला. तेवढं करायची ताकद मला दुसऱ्याच्या हातात द्यायची नाही. आणि छप्पर लहान आहे, हे खरंय. ते मोठं करायचं कामही आपलंच."

एकतीस हात कारखाना आपला ठेवायचा म्हणून वर गेले, सात सरकारच्या बाजूनं. सातांतला एक रंगारी. त्या सातांबद्दल माझ्या मनात अढी नाही, हे मी लिहून ठेवते.

तेव्हा केबिनपाशी स्टूल सरकल्याचा आवाज झाला. बाबा उभे राहिले होते.

"मला मत नाही, ठाऊक आहे," ते म्हणाले. "असतं तर सरकारलाच दिलं असतं, आत्तासुद्धा. पण ठरलंच आहे तुमचं, तर निदान नियम लिहा. प्रत्येकाचे डोळे दर वर्षी तपासा. ज्याला जे काम झेपत नाही, त्याला झेपेल ते द्या, आणि ते कागदावर असू द्या. माया करा, कोण नको म्हणतंय? पण उद्या माया करणारे बदलले तरी चालेल, असं करा."

"दाजी," मामा म्हणाले, "लिहायला तुम्हीच बसा. तुमच्याएवढे सरकारी शब्द आमच्या कुणाकडे नाहीत."

बाबांनी खरोखरच लिहून दिला. अडीच पानी नियम आहे तो, 'उपरोक्त' हा शब्द त्यात नऊ वेळा येतो, आणि आमच्या शेडच्या भिंतीवर तो लावलेला आहे. रंगाऱ्याच्या बायकोसारख्या, घरच्या माणसाच्या आजारपणात मिळायच्या रजेचं कलमही त्यातच आहे, सहावं. ते बाबांनी न विचारता घातलं.

पुढचे आठ दिवस आम्ही जोडीजोडीनं टेम्पोतून दवाखाने पालथे घातले. खुर्ची उलटी करायची, नंबर बघायचा, एक असला की आपली नवी खुर्ची द्यायची आणि ती उचलायची. एका दवाखान्यातल्या आजी खुर्ची सोडेनात. "चांगली आहे की, का नेता?" वकील त्यांच्यासमोर गुडघ्यावर बसला आणि त्यानं जे घडलं ते सगळं सांगितलं, पुट्टीसकट. आजी इतक्या हसल्या, की परिचारिका धावत आली. बासष्टावी खुर्ची एका घरात चौथ्या मजल्यावर सापडली. लिफ्ट बंद होती. ती वकिलानं आणि मी डोक्यावरून खाली आणली.

मामांना कुठे बसवायचं, हा प्रश्न बैठकीतच सुटला होता. त्यांचा अंगठा फिरल्याशिवाय एकही सांगाडा घासायला जायचा नाही. दोन वर्षांनी पुन्हा मतदान करून त्या जागी माणूस निवडायचा. कुणीतरी म्हणालं, केबिन रिकामी करून देऊ. "त्या पिंजऱ्यात मी बसणार नाही," मामा म्हणाले. त्यांनी आपलं स्टूल शेडच्या मधोमध, सगळ्यांना दिसेल असं ठेवलं.

दहाव्या दिवशी बाई आल्या. माझं पत्र त्यांच्या हातात होतं. "नोकरीत इतकी वर्षं झाली," त्या म्हणाल्या, "पण खुर्ची मोडायचं असं कारण मी कधी वाचलं नव्हतं." हसू दाबायला त्यांनी चष्मा पुसायचं निमित्त केलं. मग अंगणात न जाता त्या तिथेच मामांसमोर उभ्या राहिल्या.

मामांसमोर सांगाड्यांची रांग होती. त्यांनी डोळे मिटले होते. एक सांगाडा पुढे यायचा, अंगठा चारही सांध्यांवरून फिरायचा, मान हलायची, सांगाडा घासायला जायचा. एक गेला, दुसरा गेला, पाच गेले, आठ गेले. नवव्याच्या मागच्या सांध्यावर अंगठा थांबला. मागे आला. पुन्हा थांबला.

"परत," मामा म्हणाले.

कुणाचा, असं त्यांनी विचारलं नाही. बाईंनीच वाकून सीटखालचा नंबर वाचला. "चौदा," त्या म्हणाल्या आणि वर बघून विचारलं, "चौदा नंबर कोण?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझे कान तापले. अडतीस जणांची अध्यक्ष मी, आणि सरकारी बाईंसमोर माझाच सांधा! मी तणतणत पुढे गेले. "मामा, कुठे चुकलं ते तरी सांगा."

"परत," मामा म्हणाले. डोळे मिटलेलेच होते.

मी सांधा उजेडाकडे धरला. डोळ्यांना काही दिसेना. म्हणून मी डोळे मिटले आणि अंगठा फिरवला, आणि तिथे, अगदी टोकाला, एक बारीकसा खळगा होता. कारखाना आमचा झाल्यापासून माझा एकही सांधा कुणी परत केला नव्हता. मी समजत होते, माझा हात पक्का झाला म्हणून.

"चौदा नंबर मी," मी बाईंना मोठ्यानं सांगितलं. सांगाडा खांद्यावर घेतला, सगळ्यांच्या देखत मान ताठ ठेवून माझ्या टेबलावर नेला आणि परत जोडायला घेतला.